अप-डाऊनचा हिशेब किलोमीटरमध्ये करू नका

“डॉक्टरसाहेब, शहरात राहून रोज अप-डाऊन केलं तर तब्येतीला चालेल ना?” हा प्रश्न दरवर्षी दहावीच्या परीक्षेच्या आगेमागे मला हमखास विचारला जातो. विचारणारे बहुधा शिक्षक असतात, कधी बँकेतले कर्मचारी, कधी परिचारिका. नोकरी खेड्यात किंवा तालुक्याला, आणि मुलांना अकरावी-बारावीसाठी न्यायचे शहरात. मुंबईची माणसे उपनगरातून शहराकडे कामाला जातात. आपल्याकडे सकाळी आठ वाजता अमरावतीच्या बसस्थानकावर उभे राहून पाहा. शहरातून बाहेर, परतवाडा, मोर्शी, दर्यापूरकडे निघालेल्या गाड्यांत एका हातात डबा आणि खांद्याला पिशवी अशी नोकरदार मंडळी चढताना दिसतील. सायंकाळी तीच मंडळी, थोडी कोमेजलेली, उलट दिशेने उतरतात.

मुख्यालयी राहण्याचा नियम आणि घरभाडे भत्ता यांच्या वादात मी पडत नाही. तो माझा विषय नव्हे. परंतु घर बदलताना माणसे भाडे पाहतात, क्लासची फी पाहतात, एस.टी.चा पास पाहतात. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून शिक्षिका भगिनींचा हा हिशेब आणखी सोपा झाला आहे. त्या सगळ्या हिशेबात शरीराचा रकाना मात्र कोरा असतो. तो कसा भरायचा, एवढेच आज सांगायचे आहे.

गेल्या वर्षी डिसेंबरात एक शिक्षक पत्नीसह दवाखान्यात आले. वय ४७. राहायला परतवाड्यात, शाळा तिथून १४ किलोमीटरवरच्या खेड्यात. तीन वर्षांपासून मधुमेह, पण शिस्तीचा माणूस. गोळ्या वेळेवर, संध्याकाळी पाऊण तास फिरणे, त्यामुळे साखर ताब्यात. मुलगी दहावीला. तिला अकरावीसाठी अमरावतीत ठेवायचे, म्हणून सगळ्यांनीच जूनमध्ये तिकडे जायचे आणि सरांनी रोज येणे-जाणे करायचे, असा बेत होता. “अमरावती-परतवाडा पन्नासच किलोमीटर तर आहे. रस्ताही आता चांगला झाला. लोक करतातच की,” सर म्हणाले.

मी त्यांना कागद दिला आणि म्हटले, “सर, किलोमीटर राहू द्या. घराचे दार लावल्यापासून शाळेचे दार येईपर्यंत किती वेळ, तो लिहा.” त्यांनी लिहिले. आठला घर सोडायचे, ऑटोने बसस्थानक, गाडीची वाट, परतवाड्याला उतरून पुन्हा काळी-पिवळी भरण्याची वाट, मग शाळा. दहा वीस. म्हणजे दोन तास वीस मिनिटे. येतानाही तेवढेच. दिवसाला चार तास चाळीस मिनिटे. सध्या त्यांचे जाऊन-येऊन एक तास दहा मिनिटे लागत होते. म्हणजे रोज साडेतीन तास जादा. वर्षाला शाळेचे २२० दिवस धरले तर ७७० तास. २४ ने भागून पाहा. वर्षातले बत्तीस दिवस आणि बत्तीस रात्री.

सर गप्प झाले. त्यांच्या पत्नी मात्र म्हणाल्या, “आणि डबा मी किती वाजता उठून करायचा, ते कोण लिहील?” मी तेही लिहायला लावले. अप-डाऊन एक माणूस करतो, पण पहाटेचा गजर दोघांसाठी वाजतो. दवाखान्यात डोकेदुखी घेऊन येतात त्या पुष्कळदा गाडीत न बसणाऱ्या गृहिणीच असतात.

आता हे साडेतीन तास येणार कुठून? दिवस चोवीस तासांचाच आहे आणि नोकरीचे तास कमी होत नाहीत. मग ते चार ठिकाणांहून काढले जातात. झोप, चालणे-फिरणे, वेळेवरचे जेवण आणि घरच्या माणसांशी बोलणे. माझा अनुभव असा की सर्वात आधी फिरणे जाते. संध्याकाळी साडेसातला घरी पोचलेला माणूस चपला पुन्हा पायात घालत नाही. ज्याला मधुमेह आहे त्याच्यासाठी फिरणे हे औषधच असते. म्हणजे घर बदलताना त्याची एक गोळी आपण नकळत बंद करतो आणि तीन महिन्यांनी साखर वाढली की डॉक्टरकडे दुसरी मागायला येतो.

अमेरिकेत टेक्सास राज्यात ४,२९७ माणसांची तपासणी करून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ज्यांचे घर कामाच्या ठिकाणापासून सुमारे १६ किलोमीटरपेक्षा लांब होते, त्यांच्यात वाढलेला रक्तदाब अधिक आढळला. २४ किलोमीटरच्या पलीकडच्यांत पुरेसा व्यायाम करणारे कमी आणि लठ्ठ माणसे जास्त निघाली. ती मंडळी मोटारीने जाणारी, आपली एस.टी.ने, शिवाय एवढ्यावरून अंतरानेच रक्तदाब वाढतो असे सिद्ध होत नाही. पण माझ्या टेबलाच्या पलीकडे बसणारी माणसे पाहिली की मला त्यात नवल वाटत नाही.

फिरण्यानंतर क्रमांक झोपेचा. सरांना वाटत होते की झोप जाणार नाही, शाळा तर साडेदहाची. पण मुलगी क्लासहून रात्री नऊला येणार, मग जेवणे, मग आवराआवर, म्हणजे अकरा-सव्वाअकरा. पुन्हा शनिवारी सकाळची शाळा आणि उन्हाळ्यात तर रोजच सकाळची. सातला शाळेत हजर व्हायचे तर अमरावतीहून पहाटे पाचच्या आत निघाले पाहिजे, म्हणजे उठायचे पावणेचारला. रात्री अकरा ते पहाटे पावणेचार ही झोप नव्हे, डुलकी म्हणा.

“सवय होते, डॉक्टर,” असे पुष्कळजण सांगतात. इथे एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ साली निरोगी तरुणांना दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिले. शेवटी त्यांची एकाग्रता आणि सावधपणा एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतका घसरला. गंमत अशी की आपण एवढे ढेपाळलो आहोत हे त्यांचे त्यांना फारसे कळत नव्हते. सवय झाल्यासारखे वाटते ते हे. बसमध्ये वीस मिनिटे डोळा लागला तर जरूर लागू द्या, तेवढे बरे वाटते. मात्र ती रात्रीच्या झोपेची भरपाई नाही, आणि मान एका बाजूला लोंबकळत असेल तर दुखणे वेगळे.

हे सगळे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९८ साली मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होतो. पत्नीची नोकरी शहरात, म्हणून मीही दोन वर्षे ३८ किलोमीटर स्कूटरने जाणे-येणे केले. त्या दोन वर्षांत माझे वजन नऊ किलोंनी वाढले. कारण सकाळी घरी खायला वेळ नाही आणि फाट्यावरच्या टपरीवर गरम आलूबोंडा आणि कचोरी तयार. दुसऱ्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी चालू स्कूटरवर झोपलो. किती वेळ, ते मला माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा समोर कापसाने भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली होती. मी स्कूटर बाजूच्या नालीत घातली. खांद्याजवळचे हासळीचे हाड मोडले, एवढ्यावर निभावले. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागायला माणूस फार थकलेला असावा लागतो असेही नाही.

आणखी एक गोष्ट. त्या दोन वर्षांत मी संध्याकाळी निघून गेल्यावर केंद्राच्या दारात किती रुग्ण आले आणि परत गेले, हे मी कधी विचारले नाही. आता विचारावेसे वाटते, पण सांगायला कोणी नाही. असो.

म्हणून दुचाकीबद्दल माझे मत कडक आहे. रोजचे जाणे-येणे दुचाकीने करायचे असेल तर एका बाजूचे वीस-पंचवीस किलोमीटर ही माझी मर्यादा, आणि तेही उजेडात. अंधार पडल्यावर आपल्याकडच्या रस्त्यांवर रोही आणि रानडुकरे आडवी येतात, ट्रॅक्टरला मागचा दिवा नसतो आणि समोरून येणारा प्रखर दिवा खाली करीत नाही. हेल्मेटने अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. हेल्मेट आरशाला अडकवून नेणाऱ्यांसाठी हे आकडे नाहीत. मागे बसणाऱ्या बाईंनाही ते लागते, हे कायदाही सांगतो.

बसने जाणाऱ्यांची दुखणी वेगळी असतात. कंबर ही पहिली. आपली पाठ बसण्यासाठी कमी आणि चालण्यासाठी जास्त केलेली आहे. त्यात खालून हादरे बसत राहिले की मणक्यांमधल्या गाद्यांवर ताण पडतो. मागच्या चाकावरची आणि त्याच्याही मागची जागा सर्वात वाईट. शक्य तेव्हा गाडीच्या मध्यभागी बसा, कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल ठेवा. गाडीतून उतरल्याबरोबर जड पिशवी किंवा पाण्याची कॅन उचलू नका, आधी चार-पाच मिनिटे चाला. पिशवी एकाच खांद्याला लावण्यापेक्षा दोन्ही खांद्यांची घ्या. चाळीस-पंचेचाळिशीच्या शिक्षकांना ती ‘पोरांसारखी’ वाटते, पण खांदा पोराचा राहिलेला नसतो.

दुसरे दुखणे बायकांचे आहे आणि ते कोणी बोलत नाही. बसस्थानकावरचे स्वच्छतागृह वापरवत नाही, शाळेत कधी असते तर कधी कुलपात असते. म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचे नाही, असा उपाय अनेक शिक्षिका आणि परिचारिका करतात. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात हा उपाय फार महाग पडतो. लघवीची जळजळ, वारंवार जंतुसंसर्ग, मुतखडा, डोकेदुखी. मागे एक गरोदर शिक्षिका थंडी-ताप आणि कमरेच्या दुखण्याने आली, तिचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. तिला दवाखान्यात भरती करावे लागले. भगिनींनो, पाणी बंद करू नका, पाण्याची वेळ बदला. उठल्यावर भरपूर प्या, निघण्याच्या पाऊण तास आधी थांबा, जाऊन या आणि मग निघा. शाळेत पोचल्यावर दुपारपर्यंत पुन्हा भरपूर प्या. आणि शाळेतल्या स्वच्छतागृहाच्या कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांकडे मागताना संकोच करू नका. आजारपणाच्या रजेचा अर्ज द्यायला तुम्ही त्यांच्याकडेच जाणार आहात.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी एक इशारा. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेतल्यावर ठरल्या वेळी खाणे पोटात जावेच लागते. गाडी बंद पडली, रस्ता रोखला गेला, डबा शाळेतच राहिला, तर साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांसमोर अंधारी. अशा वेळी गाडी चालवत असाल तर ताबडतोब बाजूला थांबवा. खिशात तीन-चार चमचे साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी आणि पिशवीत फुटाणे कायम ठेवा. आधी साखर, मग फुटाणे, उलट नको. फुटाण्यांनी साखर चढायला वेळ लागतो. गोळीची वेळ बदलायची असेल तर ती डॉक्टरांना विचारून, शेजारच्या सीटवरच्या सहप्रवाशाला विचारून नव्हे.

घरच्यांशी बोलण्याचा जो वेळ जातो, त्याला रक्ताची तपासणी नाही. स्वीडनमधल्या उमिओ विद्यापीठाच्या एका अभ्यासात, २०११ साली, असे आढळले की एका बाजूला ४५ मिनिटे किंवा अधिक प्रवास करून नोकरी करणाऱ्यांमध्ये जोडीदारापासून विभक्त होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त आहे, आणि पहिली काही वर्षे सर्वात अवघड जातात. आपल्याकडे एवढ्या कारणाने कोणी विभक्त होत नाही. आपल्याकडे अबोला होतो. ज्या मुलीच्या अभ्यासासाठी शहरात गेलो, तिच्याशी रविवारखेरीज बोलणे होत नाही, असे सांगून डोळे पुसणारे वडील मी पाहिले आहेत.

मग अप-डाऊन करूच नये काय? असे मी म्हणत नाही. निरोगी माणूस, बसायला जागा, घरापासून कामापर्यंत तासाभराचा प्रवास, एवढे असेल तर खुशाल करा. काहींना तो तासच दिवसातला एकुलता एक विसावा असतो आणि गाडीतली मंडळी चांगली असली तर मनही हलके राहते. दीड तासापर्यंत जात असेल तर सात तासांची झोप आधी बाजूला काढून ठेवा आणि उरलेल्यात बसते का ते पाहा. दोन तासांच्या पुढे जात असेल तर ठरावीक मुदतीसाठीच करा, दोन वर्षे म्हणजे दोन वर्षे, आणि ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा. ‘पुढे पाहू’ म्हणून सुरू झालेली अप-डाऊन निवृत्तीलाच थांबते. ज्यांना मिरगी आहे, वरचेवर साखर खाली जाते, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, कमरेतून पायात कळ उतरते, किंवा रात्री मोठ्याने घोरून दिवसा बसल्या जागी झोप लागते, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सामान हलवू नये. स्वतः गाडी चालवणार असतील तर मुळीच नाही.

सरांना मी एवढेच सुचवले की घर बदलण्याआधी पंधरा दिवस करून पाहा. कपडे शिवण्याआधी माप देतोच ना आपण. अमरावतीत त्यांची बहीण राहते. जानेवारीत ते एकटेच तिच्याकडे राहिले आणि तिथून रोज शाळेत गेले. एका छोट्या वहीत रोज चार गोष्टी लिहायच्या होत्या. किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, किती चाललो आणि आज कोणावर ओरडलो का.

पंधरा दिवसांनी वही घेऊन आले. झोप सरासरी साडेपाच तास. चालणे पहिले तीन दिवस, मग शून्य. शेवटच्या रकान्यात सातव्या दिवसापासून रोज काही ना काही होते. त्यात एकदा वाहकाचे आणि दोनदा पाचवीतल्या मुलांचे नाव. उपाशीपोटीची साखर ११८ वरून १४६ वर गेली होती, रक्तदाब १४८ वर ९२. पंधरा दिवसांच्या आकड्यांवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत, हे मी त्यांना सांगितले. बहिणीनेही आठव्या दिवशी विचारले होते म्हणे, “दादा, तुझी शाळा दुपारची नाही का रे होत?”

शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. जूनमध्ये मायलेकी अमरावतीला लहान घर घेऊन राहिल्या. सर परतवाड्याच्या घरीच राहतात. बुधवारी संध्याकाळी अमरावतीला जातात आणि गुरुवारी सकाळी तिथून शाळेत येतात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की गेले, ते सोमवारी सकाळी परत. आठवड्यात दोन फेऱ्या लांबच्या, त्याही शनिवारच्या पहाटेशिवाय. यातही धोका आहे, तो मी लपवला नाही. एकट्या राहणाऱ्या पुरुषाचे जेवण बाहेरचे होते, टीव्हीसमोर रात्र होते आणि कधी नको ती संगत लागते. म्हणून दोन अटी घातल्या. संध्याकाळचे फिरणे जुन्याच मित्रांबरोबर, आणि स्वयंपाक घरी.

परवा तपासणीला आले होते. उपाशीपोटी साखर १२१, रक्तदाब १३२ वर ८४, वजन एक किलोने कमी. पत्नी बरोबर होत्या. सरांना आता वरण-भात आणि दोन भाज्या येतात, पोळ्या अजून जमत नाहीत, म्हणून बाई बुधवारी गेल्यावर भाकरी शिकवताहेत. मुलीचा अभ्यास कसा चालला आहे, असे मी विचारले. “ठीक आहे,” सर म्हणाले, “पण बुधवारी जेवायला ती माझ्यासाठी थांबते.” पुढची तपासणी एप्रिलमध्ये ठेवली आहे, सकाळची शाळा सुरू झाल्यावर.